एका पेटीवरचे दोन हात

आमच्या वसतिगृहात रात्री साडेदहानंतर दिवे मालवायचे असा नियम आहे. बोलणे मालवायचे असा नियम मात्र अजून कुणी केलेला नाही. त्यामुळे अंधारात जे वाद रंगतात ते वर्गातल्या कुठल्याही चर्चासत्रात रंगणार नाहीत. गावसकर की तेंडुलकर, सोलापुरी चटणी की धारवाडी पेढा, लता की आशा! यांपैकी शेवटचा वाद तर इतका जुना आहे की आमच्या आधीच्या पिढीने तो जिथे सोडला तिथूनच आम्ही तो पुढे चालवतो. त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. झोप मात्र उडते.

माझा खोलीसोबती धारवाडकडचा. घरी कन्नड बोलतो, माझ्याशी मराठी, आणि गणिताचे पाढे अजूनही कन्नडमध्येच म्हणतो. त्याच्याकडे एक गिटार आहे. ती त्याला नीट येते असे मी म्हणणार नाही, पण तिच्यावर त्याची श्रद्धा आहे. असाच एकदा लता-आशा वाद ऐन रंगात आला असताना तो म्हणाला, "अरे, तुम्ही नेहमी बहिणींबद्दलच भांडता. मी तुला दोन भाऊ ऐकवतो."

त्याने मोबाइलची एक तार माझ्या कानात खुपसली. आधी धाकट्या भावाचे वादन लावले. गिटारीतून असा काही जोराचा, भरलेला, धबधब्यासारखा आवाज आला की मी उठून बसलो. एक स्वर संपण्याआधी दुसरा त्याच्या अंगावर चढत होता. मग त्याने थोरल्याचे लावले. हा गृहस्थ चारच स्वर वाजवी, थांबे, जणू कुणाची तरी वाट पाही, आणि मग पुन्हा दोन स्वर वाजवी. मी न विचारताच बोलून गेलो, "छे! धाकटाच भारी आहे. थोरल्याचा हात अडतो."

वाक्य तोंडातून गेले मात्र, आणि माझ्या पोटात कालवले. कारण हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते. त्या वेळी त्यातला धाकटा मी होतो.

ते सांगायचे तर मला तुम्हाला आमच्या गावी न्यावे लागेल. बेज्जूर हे नाव इथे सोलापुरात कुणी ऐकलेले नसते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातले हे गाव २०१६ सालापासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. रेल्वेने सिरपूर-कागजनगरला उतरायचे आणि तिथून बसने जंगल कापीत आत जायचे. पूर्वेकडे प्राणहिता नदी, आणि नदीपलीकडे महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा. आमच्याकडे बाजारात तेलुगू, रानात गोंडी आणि आमच्यासारख्या काही घरांत मराठी चालते. प्रधान समाजाचे कलावंत किकरी वाजवून गोंडांच्या देवांच्या कथा गोंडी भाषेत गातात. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरची बोली मात्र मराठीच. तेव्हा एक भाषा पोटासाठी, एक शेजाऱ्यासाठी आणि एक देवासाठी ही आमच्याकडची रीतच आहे. मामा इथे चादरीच्या कारखान्यात कामाला आले, त्यांच्या आधाराने मी या कॉलेजात आलो, आणि इथेही मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही कानांवर पडत राहिल्या. त्यामुळे मला परके असे फारसे वाटलेच नाही.

आमच्या घरी एक पेटी आहे. आजोबांनी ती बल्लारशाहून आणली होती म्हणतात. तिच्या भात्याला दोन ठिगळे आहेत आणि एक पट्टी दाबली की स्वराआधी हवेचाच फुसकारा ऐकू येतो. आमच्या भजनी मंडळात ती आधी आजोबांनी वाजवली, मग बाबांनी, आणि बाबांच्या छातीच्या दुखण्यानंतर दादाने. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला पेटी शिकवली ती त्यानेच. मी इतका लहान होतो की एक हात पट्ट्यांवर ठेवला की दुसरा भात्यापर्यंत पोचत नसे. मग दादा समोर बसून भाता हलवी आणि मी पट्ट्या दाबी. मी चुकलो की तो बोलत नसे. भाताच थांबवी. स्वर मरून जाई आणि मला कळे की कुठेतरी चुकले. आजही कुठे बेसूर ऐकले की मला भाता थांबल्यासारखे वाटते.

बाबांचे दुखणे वाढले तसे दादाने बारावीनंतर शिक्षण सोडले. कापसाचे शेत त्याच्या अंगावर पडले. मी मात्र शाळेतून आलो की पेटीला बसे. माझा हात चालू लागला. अभंगाच्या दोन ओळींमध्ये जी मोकळी जागा राहते तीत मी काय काय भरी! चढते सूर, उतरते सूर, सिनेमातले तुकडे. पोरे माना डोलवीत. दादा त्याच जागेत एखादाच स्वर धरून ठेवी किंवा तोही सोडून देई. मला वाटे, याला येत नाही.

मी अकरावीत असताना गावात सप्ताह होता. बाहेरगावचे एक बुवा कीर्तनाला आले होते. दुसऱ्या दिवशी दादाऐवजी थोडा वेळ मी पेटीवर बसलो. कीर्तन संपल्यावर बुवांनी सगळ्यांदेखत सांगून टाकले, "उद्यापासून पेटीवर लहान्यालेच बसू द्या. त्याचा हात पाण्यावानी वाहते. मोठ्याचा हात अडते."

लोक हसले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, बुवांचाही नव्हता. दादाही हसला. दुसऱ्या दिवशी त्याने पेटी स्वतःच उचलून आणली, फडक्याने पुसली, माझ्यापुढे ठेवली आणि टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानंतर तो चारचौघांत पेटीवर बसलेला नाही. "दादा, तू बस," एवढे म्हणायला मला त्या दिवशी किती वेळ लागला असता? मी म्हटले नाही. मी बसलो. मला आवडले ते. हा लेख लिहिताना हेच एक वाक्य लिहिणे मला सर्वांत जड गेले आहे.

तर त्या रात्री खोलीसोबत्याला मी त्या दोन भावांची हकिकत विचारली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलस शहरात व्हॉन नावाचे कुटुंब राहत होते. थोरला जिमी १९५१ सालचा, धाकटा स्टीव्ही रे १९५४ सालचा. फुटबॉल खेळताना जिमीच्या गळपट्टीचे हाड मोडले, आणि घरी बसलेल्या पोराला विरंगुळा म्हणून कुणीतरी गिटार दिली. तो वाजवू लागला तसा धाकटा त्याच्याकडे पाहून शिकू लागला. थोरल्याने टाकलेली गिटार धाकट्याच्या हाती आली. दोघांचे संगीत एकच, ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय लोकांनी कष्टांतून आणि अपमानांतून घडवलेले हे गाणे. बहुतेकदा बारा मात्रांचे नव्हे, बारा आवर्तनांसारख्या बारा तुकड्यांचे एक चक्र असते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरते. तार बोटाने ओढून वाजवणारा कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मधल्या कुठल्यातरी जागी जाऊन राहतो. आपल्याकडे मींड म्हणतात तिचीच ही दूरची बहीण समजा. पेटीवर ती जागा नाही. म्हणूनच कदाचित ती मला फार आवडली.

शिकवण एक, घर एक, संगीत एक. पण वादन किती वेगळे! स्टीव्ही रे आपल्या गिटारीला जाड तारा लावी आणि त्या अर्ध्या स्वराने उतरवून घेई. जाड तार ओढायला बोटांत बळ लागते, आणि ते सगळे बळ त्याच्या आवाजात ऐकू येते. जिमी नेमके उलटे करतो. काय वाजवायचे याइतकाच काय वाजवायचे नाही याचाही तो विचार करतो. गाणाऱ्याच्या मागे राहायचे, ठेका धरायचा, आणि आपली पाळी आली की मोजके बोलून बाजूला व्हायचे. कीर्ती धाकट्याला अधिक मिळाली. पण आपल्यावर सर्वांत मोठा प्रभाव आपल्या भावाचाच आहे, असे तो धाकटा शेवटपर्यंत सांगत असे. १९९० साली दोघांनी मिळून प्रथमच एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका केली, 'फॅमिली स्टाईल' या नावाची. ती बाहेर येण्याच्या आधीच, २७ ऑगस्ट १९९० रोजी, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कार्यक्रमाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून स्टीव्ही रे गेला. वय पस्तीस. त्या रात्री कार्यक्रमाच्या शेवटी इतर वादकांबरोबर दोघे भाऊही एकाच रंगमंचावर वाजवीत होते.

सोबत्याने मला त्यांचे एक चित्रण दाखवले. दोन दांड्यांची एकच गिटार आहे. एका भावाच्या गळ्यात ती अडकवलेली आहे, आणि दुसरा मागून त्याला कवेत घेतल्यासारखा उभा राहून दुसऱ्या दांडीवर वाजवतो आहे. दोघे हसत आहेत. मला आमची पेटी आठवली. भात्यावर दादाचा हात, पट्ट्यांवर माझा. त्यानंतर मला बराच वेळ झोप आली नाही. सोबती मात्र घोरू लागला होता.

आता वाचक म्हणतील, दोन भावांची गोष्ट सांगायला टेक्सासपर्यंत कशाला गेलास? खरे आहे. हीच गोष्ट आपल्या अंगणात घडलेली आहे, आणि मराठी व कन्नड या दोन्ही विभागांच्या वाचकांना ती आपली वाटावी अशी आहे. आमच्या एका प्राध्यापकांनी, मी हे सगळे त्यांना बोलून दाखवल्यावर, एवढेच विचारले, "सुरेशबाबू ऐकलेत का?" मी म्हटले, "कोण सुरेशबाबू?" ते म्हणाले, "हिराबाई बडोदेकरांचे थोरले भाऊ." हिराबाई हे नाव मी ऐकले होते. सुरेशबाबूंची ओळख मला अशी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावावरून करून द्यावी लागली, यातच अर्धी गोष्ट आली.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायक होते. तिथल्या माने घराण्यातील ताराबाईंशी त्यांचे सूर जुळले आणि दोघांनी बडोदे सोडले. पुढे मिरज हे खाँसाहेबांचे गाव झाले. त्यांना पाच मुले झाली. काही वर्षांनी ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई झाल्या, सकीनाच्या सरस्वतीबाई झाल्या. वडिलांचे घर सुटले, नाव सुटले, पण गळ्यातले गाणे काही सुटले नाही. ते सोडायचे ठरवून सुटण्यासारखे नव्हतेच.

सुरेशबाबूंचा जन्म १९०२ सालचा, हिराबाईंचा १९०५ चा आणि सरस्वतीबाईंचा १९१३ चा. हिराबाईंना आधी शिकवले ते थोरल्या भावानेच. नंतर त्याच घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांची तालीम त्यांना मिळाली. भावंडांनी मिळून नाटक मंडळीही काढली. संगीत नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याच्या त्या आरंभीच्या दिवसांत हिराबाई रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मंडळी बुडाली, कर्ज झाले, पण हिराबाईंच्या गाण्याच्या बैठकी वाढतच गेल्या. कुलीन म्हणवणाऱ्या घरांतल्या बायकांनी तिकीट काढून एका स्त्रीचे शास्त्रीय गाणे ऐकायला जावे आणि त्यात कुणाला काही गैर वाटू नये, ही गोष्ट महाराष्ट्रात घडून आली त्यात हिराबाईंचा वाटा फार मोठा. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९८९ साली त्या गेल्या. सुरेशबाबू मात्र १९५३ सालीच गेले होते, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. मागे राहिलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका थोड्याच. प्रभातच्या 'अमृतमंथन' या १९३४ सालच्या चित्रपटात त्यांनी काम केले होते, हे तर आज फार थोड्यांना माहीत असेल.

मी तिघांनाही ऐकायला बसलो. मला रागदारीतले फार कळते असे नाही. भजनातल्या पेटीवाल्याला कळेल तेवढेच कळते. तरी जे कानाला जाणवले ते लिहितो. हिराबाईंचा स्वर स्वच्छ, सरळ आणि शांत. पहिला षड्ज लागला की घरात कुणी समई लावावी तसे वाटते. हातवारे नाहीत, गाणे रेटून मोठे करण्याचा हव्यास नाही; वाटेत काटा लागणार नाही अशा बेताने त्या श्रोत्याला राग दाखवीत नेतात. सरस्वतीबाईंचे गाणे अधिक चपळ आहे. सरगमचे तुकडे खेळवीत त्या पुढे धावतात. 'रामराज्य' या १९४३ सालच्या चित्रपटातले त्यांचे गाणे देशभर गाजले होते. पुढे दोघी बहिणी एकत्र बैठकीला बसत. आणि सुरेशबाबू? ते एका स्वराजवळ जातात, त्याला हलकेच हात लावतात, मागे येतात, दुसऱ्या बाजूने पुन्हा जातात. आवाज नाजूक, सभा जिंकणारा नव्हे. पहिल्यांदा ऐकताना मला वाटले, अरे, हे पुढे का जात नाहीत? दुसऱ्यांदा ऐकताना कळले की पुढे जाण्याची घाई मला आहे, त्यांना नाही.

'हात अडते' म्हणतात ते हेच तर नसेल?

मग मी आणखी एक गोष्ट वाचली आणि माझे सगळे गणितच उलटले. सुरेशबाबूंच्या शिष्यांत हिराबाई तर होत्याच, पण माणिक वर्मा होत्या, प्रभा अत्रे होत्या, वसंतराव देशपांडेही त्यांच्याकडे शिकले. यांतले कुणी एकमेकांसारखे गाते का? माणिकबाईंची गोडी वेगळी, प्रभाताईंची सरगमची बुद्धिमान बांधणी वेगळी, आणि वसंतरावांचे वादळ तर तिसऱ्याच दिशेचे. जो गुरू शिष्यावर आपला ठसा उमटवत नाही, त्याच्याकडे देण्यासारखे काही नव्हते असे म्हणायचे, की त्याने प्रत्येकाला त्याचे त्याचेच काढून दिले असे म्हणायचे? मला दुसरे खरे वाटते.

कन्नड विभागाच्या वाचकांनी इथे मनातल्या मनात म्हटले असेल की, अब्दुल करीम खाँसाहेबांचे दुसरे दालन आमच्याकडे आहे. अगदी खरे. धारवाडजवळच्या कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे खाँसाहेबांचेच शिष्य, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. शिष्यभावंडेही भावंडेच. गंगूबाई एकेक पायरी घट्ट पाय रोवून चढत आणि भीमसेनजी मेघ गडगडावा तशी तान घेत. कुंदगोळच्या एकाच ओसरीतून ही दोन गाणी निघाली. त्यांच्यात डावे-उजवे ठरवायला आजवर कुणी फारसे बसले नाही, आणि त्यामुळे कुणाचे काही बिघडलेही नाही.

गेल्या वर्षी मी आणि खोलीसोबती पंढरपूरमार्गे मिरजेला जाऊन आलो. तिथे ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली दक्षिणेत पाँडिचेरीकडे जात असता वाटेतल्या एका रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले, आणि त्यांना मिरजेत आणून ठेवले. दर वर्षी तिथे गवई येऊन हजेरी लावतात. आम्ही गेलो तेव्हा उत्सव वगैरे काही नव्हते. दुपारची वेळ होती, एक म्हातारा झाडत होता आणि दोन पोरे सावलीत गोट्या खेळत होती. जवळच्या गल्लीत तंतुवाद्ये बनवणाऱ्यांची दुकाने आहेत. एका दुकानात एकाच भोपळ्याच्या मळ्यातले दोन भोपळे टांगलेले होते. कारागीर म्हणाले, "याचा तंबोरा होईल, त्याची सतार." मी विचारले, "कसे ठरवता?" ते म्हणाले, "तो ज्याचा आहे त्याचाच होतो. जबरदस्ती केली की आवाज येत नाही." खोलीसोबती माझ्याकडे पाहून हसला. मी काहीच बोललो नाही.

दिवाळीत घरी गेलो. आमच्याकडे त्या दिवसांत गोंड वस्त्यांमधून दंडारी निघते, मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात, रात्रभर ढोल वाजत राहतो. दादा शेतावरून आला तेव्हा त्याच्या बोटांना कापूस वेचून वेचून चिरा पडलेल्या होत्या. बोंडाची वाळलेली टोके टोचतात, हे शहरातल्या वाचकांना माहीत नसेल. त्याच कापसाच्या पैशांतून माझी फी येते.

रात्री मी त्याला सुरेशबाबू ऐकवले. ओसरीवर मोबाइल ठेवला आणि नाव सांगितले नाही. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत राहिला. संपल्यावर म्हणाला, "कोण आहे हा? हा माणूस जागा सोडते."

मी नाव सांगितले, सगळी गोष्ट सांगितली. टेक्सासच्या भावांचीही सांगितली. मग पुष्कळ दिवस घोळवलेले वाक्य कसेबसे तोंडाबाहेर काढले, "दादा, त्या सप्ताहात मी पेटीवर बसायले नाही पाहिजे होतो."

दादा थोडा वेळ बोलला नाही. मला वाटले, आता तो म्हणेल, त्यात काय झाले. तो तसे म्हणाला नाही. तो म्हणाला, "मले वाईट वाटलं होतं. लय दिवस वाटलं." मग म्हणाला, "पण तू नसता बसला तर पेटीच कोनी वाजवली नसती. मी सकाळी चारले उठून, रात्री भजनाले येऊन झोपत होतो पेटीवर. बुवा काही खोटं नाही बोलला."

मला काय बोलावे सुचेना. हात अडत होता तो कशाने, हे मी एवढ्या वर्षांत एकदाही स्वतःला विचारले नव्हते. काही त्याचा स्वभाव होता, काही त्याचा कापूस होता. बुवांनी दोन्ही एकाच शब्दात बसवले, आणि मी ते तसेच मान्य केले, कारण ते माझ्या सोयीचे होते. जिमी व्हॉनची शांतता त्याने निवडलेली होती. दादाच्या शांततेतली किती त्याने निवडली आणि किती त्याच्यावर पडली, हे आता दादालाही सांगता येणार नाही. दोघांची तुलना करताना आपण हातांकडे पाहतो. त्या हातांनी दिवसभर काय केले आहे, इकडे आपले लक्ष जात नाही.

आई आतून म्हणाली, "बोलतच बसता का रे? काढा ना पेटी."

मी पेटी काढली. भात्याची दोन ठिगळे तशीच होती, फुसकारणारी पट्टीही तशीच. मी म्हटले, "तू बस." तो म्हणाला, "बोटं फाटली हायेत, रक्त लागीन पट्ट्यांले." मग तो माझ्यासमोर बसला, भात्याला हात लावला आणि म्हणाला, "चल, मी हवा देतो." मी वाजवू लागलो. दोन ओळींच्या मधली जागा आली तशी माझी बोटे सवयीने धावू लागली, आणि भाता थांबला. स्वर मेला. मी वर पाहिले. दादा गालातल्या गालात हसत होता.

मी बोटे उचलली. ती जागा तशीच मोकळी राहू दिली. भाता पुन्हा हलू लागला, आणि आईने आत अभंगाची पुढची ओळ धरली.

येत्या माघात गावात पुन्हा सप्ताह आहे. मी पत्र लिहून कळवले आहे की मी येईन, पण टाळ घेईन. दादाचे उत्तर फोनवर आले. त्याला पत्र लिहायचा कंटाळा. म्हणाला, "पहिले पाच अभंग मी वाजवीन. मग बोटं दुखतीन. मग तू बस." मी हो म्हटले.

वसतिगृहात लता-आशा वाद अजून चालू आहे. मी हल्ली त्यात मत देत नाही. खोलीसोबती म्हणतो, मी घाबरट झालो आहे. असेनही. त्याची गिटार मात्र अजून बेसूरच आहे, आणि त्या बाबतीत माझे मत अगदी ठाम आहे.